फोल्डरला नाव नाही

परदेशीपुऱ्यात मोबाइलच्या टपरीवर
लोकेंद्र विचारतो, काय भरू? भजन, शादी, डीजे?
मी म्हणते, संपाचं काही. नवं.
जुनं आहे घरी, बाबांच्या कॅसेटवर,
मिलच्या भोंग्यासकट घरघरणारं.

तो हसत नाही.
काउंटरखालून दुसराच पेनड्राइव्ह काढतो.
"मेरे भाई का है. सुनो तो, दीदी."

रात्री इअरफोनमध्ये
जिन्यांचे आकडे, कापलेले पैसे,
एक तारा कमी मिळाल्याचा हिशेब,
आणि ठेका हेल्मेटवर बोटांनी धरलेला.
क्रांती हा शब्द कुठेच नाही.

मधेच तो गायचा थांबतो,
कुणाला तरी सांगतो,
"हाँ सर, नीचे खड़ा हूँ."

तेवढं कापायचं राहून गेलंय.
मी तेवढंच
पुन्हा मागे नेऊन ऐकते.