वजावट

मेहेर सिग्नलजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
टाटिया वकिलांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला.
ताई, यातून एक तृतीयांश वजा होतं.
कशाचं?
मयताचा स्वतःवरचा खर्च.

मयत म्हणजे तू.
महिना अठरा हजार सहाशे,
अंबडच्या कंपनीची शेवटची स्लिप, निशाणी बावीस.
त्यातले सहा हजार दोनशे
तू स्वतःवर उडवायचास, असं कायदा धरून चालतो.
सगळ्यांचंच धरतात, वकील म्हणाले, मनाला लावून घेऊ नका.

मनाला नाही लावलं. मी हिशोब करत होते.
दाढी घरीच, एक ब्लेड पंधरा दिवस पुरवून.
कटिंगचे साठ.
रात्रपाळीत बाहेरचा चहा, तोही कंपनीचं मशीन बंद असलं तर.
दिवाळीचा शर्ट माझ्या भावाने घेतलेला.
चपलेचा अंगठा तीनदा शिवलेला.
पंचनाम्यात आहे ती: एक चप्पल, डाव्या पायाची, जुनी वापरती.
उजवी कुणालाच सापडली नाही.
धरून धरून चारशे तीस होतात.
मग बाकीचे पाच हजार सातशे सत्तर, युवराज,
कुठे ठेवलेस?

उलटतपासणी घेतली विमा कंपनीच्या बाईंनी.
आवाज गोड आहे त्यांचा, शाळेतल्या बाईंसारखा.
अपघाताच्या वेळी तुम्ही तिथे हजर होतात का?
नव्हते.
पहाटे पावणेसहाला दुधाचा टँकर
पाथर्डी फाट्यावर उलट्या बाजूने आला तेव्हा
मी तुझ्यासाठी कणीक मळत होते.
स्टेनोने लिहिलं, हे खरे आहे की मी अपघात पाहिलेला नाही.
कणकेचं लिहिलं नाही.
हे म्हणणे खरे नाही की माझे पती झोपेत गाडी चालवत होते.
हे म्हणणे खरे नाही की पैशाच्या लोभाने मी खोटे सांगत आहे.
ही वाक्यं माझ्या तोंडची नाहीत.
सही मात्र माझी, पानापानावर.

अर्जदार एक मी, दोन तुझी आई, तीन मृण्मयी.
तुला नंबर नाही.
वय एक्केचाळीस, म्हणून वर्षाच्या रकमेला गुणायचं चौदाने.
मृण्मयी अकरावी सायन्सला, तिने विचारलं, चौदाच का?
वकिलांनी तक्ता काढून दाखवला. होतं खरं तसं.
आई कोपऱ्यातल्या खुर्चीत, पदर सावरत,
अख्खा जन्म पंचवटीत गेलेला,
म्हणाल्या, चौदा?
चौदा वर्षांनी तर माणूस परत येतो.

पंखा फिरत राहिला.
नंतर कुणीतरी खालून चहा मागवला.

आज परत बोलावलं होतं, एकटीलाच.
विमावाले लोकअदालतीत मिटवायला तयार आहेत, ताई.
एक करता येईल. तुमच्या दिराला
अवलंबून होता असं दाखवू, चौथा अर्जदार.
चौघं झाले की एक चतुर्थांशच वजा होतं.
रक्कम चांगली वाढेल.
दीर ओझरला आहे, स्वतःचं गॅरेज आहे त्याचं,
तुझ्या तेराव्याचा मंडपसुद्धा त्यानेच घातला.
कॅल्क्युलेटरवर नवा आकडा आला. मोठा होता.
मृण्मयीची फी होती त्यात, आईंचं मोतीबिंदू होतं,
पतपेढीचं कर्जही बसत होतं.
मी बराच वेळ बघत राहिले.

नको, म्हटलं.
अहो, कायद्यातच आहे हे, कुणाचं काही जात नाही.
त्याचं जातं, म्हटलं.
एक तृतीयांश राहू दे त्याच्याकडे.
वकिलांना कळलं नाही बहुतेक.
त्यांनी चष्मा काढून पुसला, पुढची तारीख लिहून दिली.

सीबीएसपर्यंत चालत आले.
फुटपाथवर एकजण चपला मांडून बसला होता.
आठ नंबर आहे का? विचारलं, उगीच.
आहे की.
उजवीच हवी आहे.
जोडच घ्यावा लागेल, ताई, तो म्हणाला.