ज्याला लागतो, तो सांगतो

पाल्तामोच्या बाहेर, रस्त्याची खडी काढतात त्या खाणीत
आमचं राज्य आहे. जूनचे तीन दिवस.
राजा एरवी विजेचे मीटर तपासतो,
राणी दातांची डॉक्टर.
आणि मी हिल्का, शाळेच्या स्वयंपाकघरात
तीनशे पोरांना वाटाण्याचं सूप वाढणारी,
इथे ललकारी देते.
आवाज आहे म्हणून. पोरांच्या गोंगाटावर
चढवून चढवून कमावलेला.

सगळी सोंगं आणता येतात, म्हणे, पैशाचं नाही.
मग औलिसचं चिलखत बघा:
छातीला रस्त्याच्या रद्द पाट्यांचं अ‍ॅल्युमिनियम,
आतून अजून वाचता येतं, ‘पुढे रेनडिअर, सावकाश’.
गुडघ्यांना पोरांच्या हॉकीचे पॅड, वर चामडं.
कड्यांची जाळी मात्र खरी.
चौदा हजार कड्या, चार हिवाळे,
बर्फ काढायच्या गाडीत बसून
बर्फ पडायची वाट बघत
पकडीने एकेक मिटलेली.

तलवारी वेताच्या. लोक हसतात. हसू देत.
नियम ऐकून घ्या:
पंचाने मध्ये पडायचं नाही,
मारणाऱ्याने बोलायचं नाही,
ज्याला लागतो, तो सांगतो.
पायावर बसला तर गुडघ्यावर येऊन लढायचं,
हातावर बसला तर तो हात पाठीमागे,
डोक्यावर नीट बसला की मरायचं,
आणि मेल्यावर उठून कॉफी प्यायला यायचं.
खोटं बोललात तर कोणी पकडणार नाही.
फक्त पुढच्या वर्षी तुमच्यासमोर उभं राहताना
प्रत्येकाला काहीतरी काम निघेल.

औलिसच्या दंडाला हिरव्या लोकरीची पट्टी असते.
रीतच आहे, जिच्यासाठी लढायचं तिची खूण.
तुउलिक्कीने विणली, तुर्कूला जाण्याआधी.
तीन वर्षं झाली.
विचारलं तर म्हणतो, ‘कामानिमित्त गेलीय.’
आम्ही विचारणं सोडलं.

शेवटची लढत रात्री अकराला, उन्हात.
आमच्याकडे जूनमध्ये सूर्यालाही घरी जायची घाई नसते.
समोर साम्प्सा, वय बावीस, हात विजेसारखे,
आणि शिरस्त्राणात शिरलेला डास.
जाळीमागे बोट पोचत नाही, शौर्य कसलं कामाला येतंय!
साम्प्सा क्षणभर डोकं झटकतो.
तेवढ्यात औलिसचा वार. खाड्.
नेमकी तेव्हाच वरून लाकडांची मालगाडी गेली.
साम्प्सा आडवा, लोक उभे,
मी कागद उलगडलेला,
‘पाल्तामोचा औलिस, उत्तरेच्या...’

औलिस हलेना.
मग तो खाली बसला. पडला नाही,
त्याचा गुडघा पडू देत नाही,
एका हाताने ढाल टेकवत, म्हातारी बसते तसा.
‘मला आधी लागला होता,’ म्हणाला. ‘मानेवर. चांगला होता.’
साम्प्सा वाळूतून मान वर करून बघतोय.
त्यालाही माहीत नव्हतं.

मुकुट साम्प्साला. टोपात डास अजून जिवंत.

नंतर गाडीमागे मी औलिसचे पट्टे सोडत होते.
घामाने चामडं फुगतं, बक्कल निघता निघत नाही.
मानेवर करंगळीएवढा लाल वळ.
‘तुउलिक्की,’ तो म्हणाला,
‘कामानिमित्त नाही गेली.’
मी दुसऱ्या बकलाला हात घातला.
अशा वेळी ललकारी द्यायची नसते
एवढं मला कळतं.

तंबूच्या खुंट्यांना बांधायला दोरी सापडेना.
त्याने दंडाची पट्टी सोडली,
खुंट्यांभोवती तीन वेढे घेतले,
गाठ मारली, ओढून पाहिली,
आणि जुडगा मागे टाकला
फावडं आणि कॉफीच्या पातेल्यामध्ये.