मापाडी

औरंगाबाद छावणी, विश्रामगृह क्रमांक दोन.
बेटावरच्या युद्धाच्या खर्चाची चौकशी.
मी लघुलेखक. तीन पेन्सिली, एकीचं टोक मोडलेलं.

खासदार केरबा हंडरगुळे
निवडून येण्याआधी उदगीरच्या मोंढ्यात मापाडी होते.
समोर तिघे, छातीवर फिती,
आकडे वाचत होते : इंधन, दारूगोळा, जहाजभाडं,
बर्फ.

"बर्फ कशाला?"
ब्रिगेडियरांनी पाण्याचा ग्लास उगाच सरकवला.
"बेटावर उकाडा फार असतो, सर."
"उकाडा आमच्याकडं बी हाय. बर्फ कशाला लागला?"

उत्तर आलं नाही. मी तिथे रेघ ओढली.

"अन् तारा? औसा, कंधार, जळकोट... घरोघर गेल्या त्या?"
"तो खर्च टपाल खात्याकडे दाखवलाय."
"मंजी तुमच्या वहीत माणूस मेलाच न्हाई."

मग खिशातून यादी काढली,
मोठ्या अक्षरात, कुणा शाळकरी पोराच्या हातची.
उभे राहिले. पहिल्या नावावर बोट ठेवलं
आणि तीस वर्षांची सवय ओठांवर आली.
मोंढ्यात पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही,
लाभ म्हणतात.

"ला..."

पंखा फिरत राहिला.
त्यांनी तो शब्द आवंढ्यासकट गिळला.
बोट तिथंच. म्हणाले,
"दोन."

टंकलिखित प्रतीवर, समासात,
सचिवांनी लाल शाईनं विचारलंय :
एक कुठे आहे?