कंपनी

गेटवरच्या वहीत रकाने चार: नाव, वेळ, कुणाला भेटायचं,
आणि कंपनी.
वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवून लिहिलं,
भार्गव बेअरिंग, भांडुप.
वॉचमन म्हणाला, काका, या नावाची कंपनी बिल्डिंगमध्ये नाही.
ते म्हणाले, कंपनीतच बिल्डिंग आहे.

मला हे नंतर कळलं. मी अकराव्या मजल्यावर
शाळकरी शब्दकोशाची प्रुफं तपासत होते
आणि नेमकी त्याच शब्दाशी अडले होते.
लॅटिन. कोम म्हणजे सोबत, पानिस म्हणजे भाकर.
एका भाकरीला हात लावून बसलेली माणसं.
समासात संपादकांची लाल खूण:
जागा नाही, व्युत्पत्ती गाळावी.

पण तोच पानिस दुसऱ्या वाटेनं गलबतात चढला,
पोर्तुगिजांच्या तोंडून वसईला उतरला
आणि पाव झाला.
म्हणजे सातच्या भोंग्याला वडील जिथं जायचे ती
आणि त्यांच्या पिशवीत असायचा तो
सख्खे चुलत. एका घरात राहून
कुणी त्यांची ओळख करून दिली नाही.

पिशवीत अर्धी लादी. उरलेली अर्धी इनास परेरा आणायचा.
हरमळकराचं बिंबल्याचं लोणचं.
सुलेमानला कोपऱ्याचाच पाव लागे, दोन बाजूंनी कडक.
जेवताना कंपनी हा शब्द कुणी काढत नसे.
तो मालकाचा, बोनसच्या तोंडावर:
कंपनीला परवडत नाही.

टाळं लागलं तेव्हा आई म्हणाली, कंपनी बुडाली.
वडील दर गुरुवारी पिशवी घेऊन निघतच राहिले.
गेटसमोरच्या कट्ट्यावर चौघं, प्रत्येकी पाव हिस्सा
(हा पाव वेगळ्या कुळातला, संस्कृत, पण पंगतीला चालतो).
इनास गेला आणि हिशेब बसेना.
मग हरमळकर मुलाकडे, नाशकाला.
सुलेमानचं ते सांगत नाहीत.

लिफ्ट उघडली तर हे उभे.
काय हो, आज इथं कसे?
म्हणाले, कट्टा तोडला मेट्रोवाल्यांनी.
म्हटलं, तुला कंपनी द्यावी.

टेबलावरचे कागद मी बाजूला सारले.
लादीला एक कोपरा नव्हता.
विचारलं, तर म्हणाले,
खालच्या पोरानं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.