तीस कालवं

भाट्याच्या खाडीत सुकती लागली की
हाजराबी वस्ता कातळावर उकिडवी बसते,
कोयतीच्या पाठीने एकेका कालवावर टकटक करते,
कान तिरका.
"ह्यो भरलाय. ह्यो पन भरलाय.
ह्याचा आतून पानी झालाय."

मी तिच्या मागे, बर्फाची पेटी घेऊन,
पिशव्यांवर नंबर टाकत.
एकवीस तिने ठेवली, नऊ नाकारली.
मला तीसच्या तीस हवी होती.
"खराब मालाचे पन पैसे देतंस?"
हसताना तिचा पदर चिखलात गेला.

प्रयोगशाळेत कल्ल्याचा नखाएवढा तुकडा
नळीत, आणि नळी सात दिवस काळोखात.
मांसात दडलेला असतो तोवर
तो भिंगालाही चकवतो.
काळोखात पोसला की फुगतो.
मग आयोडीनचे दोन थेंब,
आणि पिवळट चिंधीत निळेकाळे दाणे,
पोह्यांत मोहरी दिसावी तसे.

नवातली सात निघाली.
कान खरा होता.
पण एकविसातलीही पाच:
भरलेली, गोड, घट्ट मिटलेली,
ज्यांचा आवाज अजून बदलला नव्हता.

सांगायला गेलो तर तिने आधी विचारलं,
"खाल्ल्यानं मानसाला काय?"
काही नाही.
"मग बाजारात बोलू नको."
मग थोड्या वेळाने,
"आनि ती दोन, ज्यांत तुला काय गावला नाय,
ती कशानं पोकळ?"
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
समासात 'अनिश्चित' लिहिलं,
खोडलं, परत लिहिलं.

नाकारलेली कुठे टाकतेस, मी विचारलं.
तिने हनुवटीने पाणी दाखवलं.
आईपण तिथंच टाकायची.
"खाडीचा खाडीला."

बराच वेळ आम्ही दोघं
त्याच पाण्याकडे बघत राहिलो.
पलीकडे बचतगटाच्या तराफ्याखाली
कालवांच्या माळा
भरतीबरोबर आत कलायला लागल्या होत्या.

पुढच्या अमावास्येला
तिच्याजवळ दोन बालद्या.
पोकळ आवाजाची दुसरीत,
ती भरतीच्या रेघेच्या वर, माडाच्या आळ्यात पुरायची.

एक भरलेलं कालव हातात घेऊन ती थांबली.
टकटक केली. कानाशी नेलं. परत टकटक.
पहिली बालदी, दुसरी बालदी,
मग माझ्याकडे बघितलं.

मी पेटीचं झाकण उघडलं.