एक जानेवारी

सेल मेला आहे हे मला ठाऊक होतं.
रोज सकाळी बटण दाबलं की पंखा आधी खोकायचा,
मग कोपऱ्यात तारीख यायची :
एक जानेवारी दोन हजार नऊ.
मी म्हणायची, बरं बाबा, तसं तर तसं,
आणि कामाला लागायची.

वडशात नाटकांची पत्रकं करणारे आम्ही तिघं-चौघं.
बाकीच्यांकडे नवी मशिनं.
माझ्याकडे हा काळा डबा, बाजूचं झाकण हरवलेलं,
तिथे कॅलेंडरचा पुठ्ठा.
नटीचा फोटो उघडेपर्यंत चहा होतो.
चेहरा वरून उतरतो, पट्टी पट्टी,
आधी बिंदी, मग नाक,
ओठांपाशी आली की हँग.
दिवाळी सरते, मंडया लागतात,
आणि मंडळाची पोरं दारात :
"झालं का जी?"

लोमेश गहाणे म्हणाला, "नवा कायले घेता जी?
बोर्ड दणकट हाये याचा. अंदर कोंडा भरला, बस."
अडीच हजार होते, तेही एका कंपनीचं अ‍ॅडव्हान्स.
रद्द झालेल्या नाटकाच्या पत्रकामागे
त्याने हिशेब मांडला :
रॅम जुनी, चार-चारच्या दोन, नऊशे.
एसएसडी तेराशे पन्नास, नवीच घ्या, इथं कंजूषी नाही.
पेस्ट चाळीस.
आणि जागा संपली म्हणून कडेला, उभं :
सेल, वीस.

नागपूरला गेले, अर्ध्या तिकिटात.
तळघरातला दुकानदार बोर्डाचं नाव ऐकून हसला.
मी लुगड्याची करतात तशी घासाघीस केली,
दोनदा पायरीपर्यंत जाऊन आले.
येताना रॅम पोळीच्या डब्यात ठेवली.
भिवापूरच्या खड्ड्यांचा काय भरवसा.

पुठ्ठा काढला तर आत
शेजारच्या राइस मिलचा मूठभर कोंडा,
पालीची दोन अंडी, फुटून रिकामी,
आणि एक टिकली. माझी नाही.
रॅमचे सोनेरी दात लोमेशने खोडरबरानं घासले,
पोरीचा होता, स्ट्रॉबेरीच्या वासाचा,
एका कोपऱ्यावर तिच्या दातांची खूण.

मग नटीचा चेहरा एकदम आला.
मी दचकले.
इतकं एकदम कोणी येतं का.

सेल राहिला होता.
म्हटलं, थांब जरा.
जुना फोल्डर उघडला : सहा हंगाम,
चारशे बारा पत्रकं, साऱ्यांवर एकच तारीख.
म्हणजे याच्या लेखी
आरमोरी, कुरखेडा, अर्जुनी, लाखांदूर,
सगळी नाटकं एकाच रात्री लागली.
एकच खलनायक अकरा गावांत मरतोय,
नंतर सून झालेली ती नाचणारी इथे अजून अविवाहित,
आणि साऱ्या मंडपांत, पडद्याच्या फटीशी,
ताराचंद कुथे, प्रॉम्प्टर,
ज्याचं नाव मी सगळ्यात बारीक टायपात टाकायची
आणि मागच्या हंगामापासून टाकत नाही.

"बसवू?"
बसव, म्हटलं.
टक्. रुपयाएवढा आवाज.
त्याने हाताने भरलं : अकरा, नोव्हेंबर.
वर्षापाशी थांबला.
"खरंच टाकू ना जी?"

संध्याकाळी नवं पत्रक घेतलं, परवाच्या मंडईचं.
पूर्वी अक्षरं मागून यायची,
बोट चुकलं तर उमटायच्या आत खोडता यायचं.
आता प्रॉम्प्टरच्या पुढे
सवयीनं हात गेला
आणि थांबवायच्या आधीच
लख्ख, पूर्ण,
ताराचंद कुथे.

पोरं दारात आली होती.
म्हटलं, थांबा रे, मशीन जुनं आहे.