डावी बाहुली

जनरेटर बंद पडला, वॉर्डातले दिवे गेले.
मोबाईलच्या टॉर्चवर सारनगुआ
अंगठ्यानं पापणी उचलते
घोड्यावरून पडलेल्या दोर्जपालमची.

उजवी बाहुली उजेडाला लाजते,
मोहरीएवढी होते.
डावी वाटाण्याएवढी. ढिम्म.

उलानबातर चारशे किलोमीटर, रस्ता बर्फाखाली.
ती मनातल्या मनात कवटी उघडते,
कुठे साठलं असेल रक्त, चाचपडते.

दारातून त्याची बायको, बुटांवरचा बर्फही न झटकता:
"तो डोळा होय? तो तसाच आहे.
सात वर्षांचा असताना शर्यतीत चाबूक लागला.
उन्हात अजून तेवढाच मिटून घेतो."

सारनगुआ टॉर्च विझवते.
पुन्हा लावते. उजवीकडे.

दर पंधरा मिनिटांनी, उजाडेपर्यंत,
त्या एका मोहरीला विचारत राहते:
आहेस ना?